पान पिवळं पडलं म्हणून लगेच खत घालू नका : सेंद्रिय बागेत आणि शेतात अन्नद्रव्यांची कमतरता ओळखायची कशी

लिंबाच्या रोपाची नवी पालवी पिवळी निघाली की चार जण चार उपाय सांगतात. एक म्हणतो राख घाल, दुसरा अंड्याची टरफलं, तिसरा ताक, चौथा गांडूळखत दुप्पट कर. पुणे, नाशिक, नगर, विदर्भ, मराठवाडा इथल्या काळ्या मातीत राखेने दुखणं वाढेल, टरफलं कुजायलाच वर्ष जाईल, ताकाने फारसं काही होणार नाही आणि दुप्पट गांडूळखताने कुंडीत क्षार साचतील. हाच लिंबू सावंतवाडीला जांभ्या मातीत असता, तर तीच राख कदाचित कामाला आली असती. पिवळं पडलेलं पान नवं आहे की जुनं, शिरा हिरव्या आहेत का, माती कुठली, पाणी कुठलं, हे मात्र चौघांपैकी एकानेही विचारलेलं नसतं.

आपल्याकडे पिवळ्या पानाचा अर्थ बहुतेक वेळा "मातीत काही नाही" असा नसतो. अन्नद्रव्य मातीत असतं, झाडाला ते घेता येत नाही. काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे, त्यामुळे लोह तिच्यात टक्क्यांनी मोजावं इतकं असतं. झाडाला लागतं त्याच्या कणभर. तरीही त्याच मातीत लोहाच्या कमतरतेने झाडं पांढरी पडतात. म्हणून "काय घालू?" हा प्रश्न शेवटी ठेवायचा. त्याआधीच्या पायऱ्या या लेखात आहेत.

पायरी १ : खताचा विचार बाजूला ठेवा, आधी पाणी, मुळं आणि किडी पाहा

पिवळेपणाचं सगळ्यात मोठं कारण पाणी आहे, तेही जास्तीचं. कुंडीत बोट दोन पेरं खोल घाला. माती चिकट, गार आणि आंबूस वासाची लागली तर प्रश्न खताचा नाही. मुळांना हवा नसेल तर समोर असलेलं अन्नही त्यांना उचलता येत नाही. शेतात यालाच वाफसा नसणं म्हणतात. पावसाळ्यात झड लागली की काळ्या रानातलं सोयाबीन आणि भुईमूग शेंड्याकडून पिवळे पडतात. पाणी साचलेल्या चुनखडीच्या मातीत बायकार्बोनेट (पाण्यात विरघळलेल्या चुन्याचं रूप) वाढतं आणि लोहाचा पुरवठा अडतो. चर काढून पाणी वाहतं केलं आणि वाफसा आला की बहुतेक वेळा पुढची पानं आपोआप हिरवी निघतात. त्या आठ-दहा दिवसांत कोणी काही फवारलं असेल, तर श्रेय फवारणीला जातं.

मग पान उलटं करा. लाल कोळी असेल तर वरून बारीक पिवळसर ठिपके आणि खालून जाळी दिसते. तुडतुडे असतील तर भेंडी-कापसाच्या पानांच्या कडा पिवळ्या-लाल होऊन वळतात. पालाशाच्या (पोटॅशियमच्या) कमतरतेशी याची हटकून गल्लत होते. टोमॅटो, भेंडी, वांगी दुपारी विनाकारण सुकत असतील तर एक रोप उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी आहेत, खताने जाणार नाहीत. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी मात्र वेगळ्या. त्या नत्र (नायट्रोजन) स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या असतात, बोटाने सहज सुटतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी दिसतात. त्या हव्याच असतात.

विषाणू ओळखायला भेंडी चांगली. हळद्या म्हणजेच केवडा रोगात शिरा पिवळ्या होतात आणि मधला भाग आधी हिरवा राहतो. लोहाच्या कमतरतेत बरोबर उलटं : शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. केवडा हा शब्द उसाच्या पिवळेपणालाही वापरतात आणि बाजरीच्या बुरशीलाही, तेव्हा फोनवर कोणी "केवडा पडलाय" म्हणालं तर आधी फोटो मागवा. दुसरी खूण पसरण्याची. विषाणू शेतात इथे एक रोप, तिथे एक रोप असा विखुरलेला दिसतो. कमतरता पट्ट्यांनी दिसते : चुनखडी वर आलेली जागा, पाणी साचणारा सखल कोपरा, वरची माती ओढून नेलेला तुकडा.

शेजारच्या रानात तणनाशक मारलं असेल तर तेही विचारून घ्या. २,४-डी वाऱ्याने आलं की कापूस, टोमॅटो आणि द्राक्षाची पानं दोऱ्यासारखी अरुंद, पंख्यासारखी चुणलेली होतात. तुमच्या सेंद्रिय खतात तेव्हा काहीही कमी नसतं.

पायरी २ : पिवळं पडलंय ते नवं पान की जुनं?

सगळ्या निदानातला हा सर्वात उपयोगी प्रश्न. काही अन्नद्रव्यं झाडाच्या आत सहज हलतात. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ती काढतं आणि शेंड्याला देतं, म्हणून लक्षणं आधी खालच्या, म्हाताऱ्या पानांवर दिसतात. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश आणि मॅग्नेशियम या गटातले. दुसऱ्या गटातली द्रव्यं एकदा पानात बसली की हलत नाहीत. त्यांचा पुरवठा तुटला की नवी पालवीच आजारी निघते. लोह, कॅल्शियम, बोरॉन, मंगल (मँगनीज) आणि तांबं यात येतात. गंधक आणि जस्त अधलेमधले आहेत, पण लक्षणं साधारण वरच्या बाजूलाच दिसतात.

एक सावधगिरी. झाडाचं तळाचं एखादं पान पिवळं होऊन गळणं हे वयाचं लक्षण आहे. टोमॅटोचं पीक फळांनी लगडलं की खालची पानं जाणारच. शेंडा तजेलदार असेल तर चिंता करू नका.

पायरी ३ : पानावरची नक्षी वाचा

जुन्या पानांपासून सुरुवात करू. पान शिरांसकट, एकसारखं फिकट होत गेलं, झाड बारीक राहिलं आणि वाढ थांबल्यासारखी वाटली तर नत्र. मक्यात आणि ज्वारीत हा पिवळेपणा पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवरून इंग्रजी व्ही आकारात आत येतो. तेच पान टोकापासून आणि कडांनी करपत, तपकिरी होत आत येत असेल आणि मधली शीर हिरवी असेल तर पालाश. कडा हिरव्या राहून शिरांमधली जागा पिवळी पडत असेल तर मॅग्नेशियम. कापसात याच जागी लाली येते. मात्र लाल्याचं खापर एकट्या मॅग्नेशियमवर फोडू नका. नत्र संपणं, बोंडांचा भार, रात्री थंड होणं आणि तुडतुडे, सगळे त्यात वाटेकरी असतात.

स्फुरद फसवं आहे. त्याच्या कमतरतेत पान पिवळं पडत नाही, उलट गर्द, मळकट हिरवं होतं. पानाच्या मागच्या बाजूला आणि खोडावर जांभळी झाक येते आणि झाड खुजं राहतं. टोमॅटो आणि मक्याची रोपं डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही जांभळी होतात, कारण गार मातीत मुळं स्फुरद उचलत नाहीत. ऊन वाढलं की रंग जातो. म्हणून थंडीतल्या जांभळ्या रोपासाठी हाडांचा चुरा विकत आणायची घाई नको.

आता नवी पानं. शिरांचं हिरवं जाळं स्पष्ट आणि मधली जागा लिंबासारखी पिवळी, पुढे जवळजवळ पांढरी : हे लोह. कढीपत्ता, लिंबू, अनंत, मोगरा, जास्वंद, भुईमूग, ऊस ही झाडं याबाबतीत फार बोलकी आहेत. मंगलाच्या कमतरतेतही शिरांमधली जागा पिवळी पडते, पण शिरांच्या बाजूने रुंद हिरवा पट्टा राहतो आणि पान इतकं पांढरं होत नाही. नवं पान शिरांसकट एकसारखं फिकट झालं तर गंधक. नत्रासारखंच दिसतं, जागा मात्र वरची. तेलबिया, कांदा, लसूण आणि कोबीवर्गीय भाज्यांना गंधक जास्त लागतो.

जस्ताची खूण आकारात आहे. पानं लहान, अरुंद राहतात, दोन पेरांमधलं अंतर कमी होतं आणि शेंड्याला झुबका झाल्यासारखा दिसतो. संत्रा-मोसंबीत लहान पानांवर शिरांमध्ये पिवळे डाग येतात. मक्यात पानाच्या बुडाकडे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे उमटतात. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांत लोह आणि जस्त दोन्ही एकाच झाडावर कमी असणं सर्रास आढळतं, त्यामुळे पुस्तकातल्या फोटोसारखी स्वच्छ नक्षी मिळेलच असं नाही.

बोरॉन कमी पडलं की शेंडा मरतो, फुलकोबीचा देठ आतून पोकळ आणि तपकिरी होतो, पपईच्या फळावर उंचवटे येतात. फुलकोबीचं पान चाबकासारखं नुसत्या शिरेपुरतं उरलं तर मॉलिब्डेनम, आणि हे आम्लधर्मी मातीतच होतं. तांब्याची कमतरता तुम्हाला बहुधा कधीच दिसणार नाही.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो, त्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. कॅल्शियम कमी म्हणून टरफलं घाला, हा सल्ला सगळीकडे मिळतो. फळात कॅल्शियम कमी पडतं हे खरं. पण काळ्या मातीत कॅल्शियमचा तुटवडा नसतो. कॅल्शियम पाण्याबरोबर फक्त वर चढतं, आणि माती एकदा कोरडी ठणठणीत, एकदा चिखल अशी असेल तर त्याचा प्रवाह तुटतो. पालापाचोळ्याचं आच्छादन आणि नियमित, थोडं थोडं पाणी हा त्यावरचा इलाज आहे. डाग पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत.

पायरी ४ : मातीचा सामू

सामू म्हणजे पीएच. सात हा मध्य, त्याखाली आम्ल, वर विम्ल. बहुतेक पिकांना ६.५ ते ७.५ मानवतो. हे मोजमाप दहापटीचं आहे : ८ सामूची माती ७ पेक्षा दहापट विम्ल असते. लोहाचं गणित याहून कठोर आहे. सामू एकाने वाढला की पाण्यात विरघळू शकणारं फेरिक लोह सुमारे हजारपट घटतं. ७ सामूला हिरवा असलेला कढीपत्ता ८.३ ला पांढरा का पडतो, ते यावरून कळेल. साडेसातच्या वर लोह, जस्त, मंगल आणि बोरॉन अडतात. साडेपाचच्या खाली स्फुरद लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीत सापडतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन गेलेलं असतं आणि मोकळं अ‍ॅल्युमिनियम मुळांची टोकं जाळतं. देशावरच्या काळ्या माती साधारण ७.५ ते ८.५ च्या आसपास, तर कोकणातली मुसळधार पावसाने निचरलेली जांभी माती बहुधा ५ ते ६.५ मध्ये सापडते.

घरी पाहायचं तर साधनं साधी आहेत. सावलीत वाळवून चाळलेली २० ग्रॅम माती आणि ५० मिलि डिस्टिल्ड पाणी काचेच्या ग्लासात घ्या, मधून मधून ढवळत अर्धा तास ठेवा, गाळ बसू द्या आणि वरच्या पाण्यात पीएच कागद बुडवा. पाणी डिस्टिल्डच हवं, ते बॅटरीवाल्याकडे मिळतं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने तुम्ही मातीऐवजी पाण्याचाच सामू मोजाल. कागदावरून अर्ध्या अंकाइतका अंदाज येतो, तेवढा पुरतो. मातीत खुपसायचे, बॅटरी नसलेले दोन-तीन दांड्यांचे स्वस्त मीटर मात्र मी कोणालाच सुचवत नाही. ओलावा बदलला की त्यांचा काटा बदलतो.

त्याहून महत्त्वाची चाचणी व्हिनेगरची. मातीच्या कोरड्या ढेकळावर चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. फसफस झाली, बुडबुडे आले, तर मातीत मुक्त चुना आहे. मातीत पांढरे खडे असतील तर तेही असेच फसफसतात, ती चुनखडी. ही चाचणी इतकी महत्त्वाची का, ते उपायांच्या पायरीत येईल. खाण्याचा सोडा टाकून आम्लता बघायची युक्तीही सांगितली जाते, पण कोकणातली ५.५ ची माती सोड्याने फसफसत नाही. त्या युक्तीवर विसंबू नका.

शेत असेल किंवा चार-पाच फळझाडं असतील, तर प्रयोगशाळेचा पर्याय नाही. जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभागाची माती परीक्षण प्रयोगशाळा किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांकडे नमुना देता येतो. देशभर २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. मुक्त चुना त्यात नसतो. तो वेगळा मागून घ्या. काळ्या मातीत लिंबू, संत्रा, द्राक्ष लावायचं असेल तर नक्कीच.

अहवाल खरा यायचा तर नमुना खरा हवा. पीक निघाल्यावर, खत घालण्याआधी घ्या. नागमोडी चालत एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, वीतभर म्हणजे २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती तासून घ्या. बांध, विहिरीचा काठ, झाडाखालची सावली, उकिरड्याची जागा टाळा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेल्याचे पुन्हा चार, असं करत अर्धा किलो उरवा. उन्हात नव्हे, सावलीत वाळवा. काळी आणि मुरमाड जमीन एकाच पिशवीत घालू नका. फळबागेसाठी वरचा एक फूट आणि खालचा एक फूट असे वेगळे नमुने हवेत, कारण चुना बऱ्याचदा खालीच दबा धरून बसलेला असतो.

अहवालात आधी सेंद्रिय कर्ब पाहा. ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर सेंद्रिय शेतकऱ्याचं पहिलं काम तेच. मग क्षारता : एकच्या (डेसिसिमेन्स प्रति मीटर) खाली ठीक. सूक्ष्म द्रव्यांत लोहाला ४.५, मंगलाला २, जस्ताला ०.६ आणि तांब्याला ०.२ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) या सर्वसाधारण धोक्याच्या रेषा मानतात.

पायरी ५ : पाणी तपासा

हे बहुतेक जण विसरतात. कुंडीत चांगली माती भरली, सहा महिने लिंबू छान होता, मग पिवळा पडू लागला, तर संशयित बोअरचं पाणी. पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो का? कुंडीच्या बाहेर, मातीच्या कडेला पांढरी रेघ उमटते का? मग रोजच्या पाण्यासोबत तुम्ही चुनाच घालत आहात. पावसाळ्यात हीच झाडं हिरवी होतात, कारण पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट नसतं. पिंपात पाऊस साठवता आला तर लिंबू-कढीपत्त्यासाठी राखून ठेवा. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार नसतात. आरओ यंत्राचं बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घालू नका. गाळलेले सगळे क्षार त्यातच येतात.

पायरी ६ : अर्धं पान रंगवून खात्री करा

संशय लोहावर असेल तर उपाय करण्याआधी तो सिद्ध करता येतो. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम लिंबूसत्त्व आणि पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा. लिंबूसत्त्व आधी टाका, नाहीतर हिराकस तांबूस होऊन वाया जातं. संध्याकाळी चार-पाच पिवळ्या नव्या पानांच्या एकाच अर्ध्या भागावर ब्रशने दोन्ही बाजूंनी लावा. साधारण आठवडाभरात तेवढाच अर्धा भाग हिरवा होऊ लागला तर लोह नक्की. काहीच झालं नाही तर दुसऱ्या पानांवर जस्त किंवा मॅग्नेशियम सल्फेटने हाच खेळ करा. मॅग्नेशियमसाठी लिटरला दहा ग्रॅम आणि अर्थातच जुनी पानं. बोरॉनवर असले प्रयोग नकोत. त्याची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार कमी आहे, अहवालाशिवाय त्याला हात लावू नका.

शेत प्रमाणित सेंद्रिय असेल, एनपीओपीखाली (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएसखाली (शेतकरी गटांची सहभागी हमी पद्धत), तर हिराकस, झिंक सल्फेट अशा गोष्टी वापरण्याआधी प्रमाणन संस्थेला किंवा गटाला विचारा. माती परीक्षणाचा अहवाल हातात असेल तर परवानगीचं बोलणं सोपं जातं.

पायरी ७ : उपाय, पण मातीप्रमाणे

व्हिनेगर फसफसलं असेल तर सामू खाली आणायचा नाद सोडा. हिशेबच पाहा. एकरभर जमिनीची वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे ८०० टन भरते. तिच्यात ५ टक्के चुना म्हणजे ४० टन. एक किलो गंधकाचं आम्ल साधारण तीन किलो चुना खातं, म्हणजे एकराला तेरा टन गंधक टाकल्यावर कुठे सामू उतरायला सुरुवात होईल. ताक, लिंबाचं पाणी, व्हिनेगर यांचं काय होणार ते तुम्हीच ठरवा. इथे सगळी माती बदलायची नसते, मुळांभोवतीचा थोडा भाग बदलायचा असतो. झाडाच्या घेरात चर काढून चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरा. कुजताना बनणारी सेंद्रिय आम्लं लोह-जस्ताला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचवतात. परवानगी असेल तर हिराकस थेट मातीत न टाकता शेणखतात दोन-तीन आठवडे मुरवून याच चरात द्या. मोकळं टाकलं तर ते चुन्याच्या मातीत लवकरच गंजासारखं निकामी होतं. थोडं गंधकही या चरात कामाला येतं. पाणी साचू देऊ नका. आणि निवड करायची मोकळीक असेल, तर भरपूर चुना असलेल्या जमिनीत संत्रा-मोसंबीचा हट्ट कशाला? बोर, सीताफळ, डाळिंब तिथे जास्त सुखात राहतात.

अशा मातीत राख, चुना, डोलोमाइट नको. रॉक फॉस्फेट म्हणजे स्फुरद असलेल्या खडकाची भुकटीही जवळजवळ वाया जाते, ते विरघळायला आम्ल माती लागते. स्फुरदासाठी कंपोस्टच बरं.

सामू ८.५ च्या वर असेल, ओली माती साबणासारखी बुळबुळीत आणि वाळल्यावर दगडासारखी होत असेल, पाणी दिवसदिवस वर उभं राहत असेल, तर ती चोपण जमीन. कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा भागात उसाला बेसुमार पाणी देऊन अशा जमिनी तयार झाल्या आहेत. दोष सोडियमचा आहे. जिप्सम, निचऱ्याची सोय आणि धैंचासारखं हिरवळीचं खत, हे तिन्ही एकत्र लागतं. निचरा नसेल तर जिप्समवर पैसे घालू नका, सुटलेलं सोडियम जाणार कुठे? साध्या चुनखडीच्या मातीत मात्र जिप्सम सामू उतरवत नाही, हे दुकानदार सांगणार नाही.

कोकणात आणि गोव्यात उलटं. तिथे शेतीचा चुना किंवा डोलोमाइट खरोखर औषध आहे. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं. भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम चुनखडीची भुकटी, लावणीच्या तीन-चार आठवडे आधी मातीत मिसळून द्या आणि पुढच्या हंगामात सामू पुन्हा पाहून मगच परत द्या. विरवलेला चुना वापरत असाल तर त्याहून कमी लागतो. ताज्या शेणखतासोबत तो देऊ नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. चुलीची राख इथे वाफ्यावर पातळ भुरभुरायला हरकत नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजायची जुनी पद्धत आहे, तिच्यातल्या राखेने पालाश मिळतं आणि सामू थोडा वर सरकतो. पालापाचोळ्यातला नत्र आणि गंधक मात्र धुरातून जातो. रॉक फॉस्फेट आणि हाडांचा चुरा यांची खरी जागाही ही लाल माती.

नत्राची कमतरता सेंद्रियात वेगळ्या वाटेने येते. पाचट, गव्हाचं काड, लाकडाचा भुसा किंवा अर्धकच्चं शेणखत मातीत मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी उचलतात आणि झाड काही आठवडे उपाशी राहतं. कर्ब-नत्राचं प्रमाण तीसच्या वर असेल तर हे होणारच. पाचटात ते शंभराच्या आसपास, भुशात कित्येक शे, गिरिपुष्पाच्या पाल्यात वीसच्या आत असतं. म्हणून कोरडा पाला वर आच्छादन म्हणून अंथरा, मातीत गाडू नका. तातडीचा नत्र हवा असेल तर निंबोळी पेंड साधारण ५ टक्के आणि भुईमुगाची पेंड ७ टक्के नत्र देते. शेणखतात तो अर्धा टक्का असतो.

जीवामृत म्हणजे खतच, असा नवख्यांचा हटकून गैरसमज होतो. दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन आणि दोन किलो गूळ, २०० लिटर पाण्यात. यातल्या सगळ्या नत्राची बेरीज केली तर एकराला कसाबसा पाव किलो भरतो. भाजीपाल्याच्या पिकाला लागतो कित्येक किलोंत. ते जिवाणूंचं विरजण म्हणून द्या, पण त्या जिवाणूंना कुजवायला मातीत काही तरी असू द्या. पिवळ्या पडलेल्या मक्यावर एकटं जीवामृत ओतत राहून तो हिरवा होण्याची वाट पाहू नका.

कुंड्यांमध्ये कमतरतेइतकाच अतिरेकही दिसतो. दर पंधरा दिवसांनी गांडूळखत, मधे कांद्याच्या सालींचं पाणी, मधे केळीच्या सालींचं, मधे पेंडेचं. पानांची टोकं तपकिरी होतात, मातीवर पांढरी साय येते, वेल नुसताच माजतो आणि फळ धरत नाही. पालाश जास्त झालं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम आत शिरत नाही, मग त्यांचीही लक्षणं दिसू लागतात आणि माणूस आणखी काही घालतो. अशा वेळी महिनाभर सगळं बंद करा, भोकं मोकळी आहेत याची खात्री करून कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओता आणि निथळू द्या. कोकोपीटवर लावलेली रोपं सुरुवातीलाच पिवळी पडत असतील तर कोकोपीट न धुता वापरलं असण्याची शक्यता मोठी. त्यात क्षार असतात, शिवाय ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं.

उपाय केल्यावर जुनं पान परत हिरवं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. करपलेली कड तशीच राहते. पाहायची ती पुढची दोन-तीन पानं. भाजीपाल्यात पंधरवड्यात फरक कळतो, लिंबू-आंब्यात पुढच्या पालवीपर्यंत थांबावं लागतं. एका वेळी एकच बदल करा, त्याच फांदीचा त्याच उजेडात दर आठवड्याला फोटो काढा आणि फोटोखाली काय दिलं, किती दिलं आणि पाऊस झाला का, एवढं लिहून ठेवा. दोन पालव्या झाल्या तरी फरक नसेल तर पानांचा नमुना प्रयोगशाळेत द्या. द्राक्षवाले देठ परीक्षण करून घेतात ते याचसाठी. आजारी आणि निरोगी झाडाची, एकाच वयाची पानं वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत द्यायची, म्हणजे आकडे शेजारी ठेवून वाचता येतात.